तिसऱ्या पत्त्याचा अभ्यास

४ नोव्हेंबर, रविवार
निवृत्त होऊन महिना झाला. ठराव: रोजनिशी लिहायची. थोडक्यात, तपासणीच्या शेऱ्यासारखी.

मुख्य ठराव: येत्या चिनी नववर्षापर्यंत बाकारा हा पत्त्यांचा जुगार शिकायचा. पूर्ण आणि शास्त्रशुद्ध.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे राग थंड होणार नाही. गेल्या नववर्षाला जेवणाच्या टेबलावर घरचा डाव मांडला होता. मी बँकर, समोर मेहुणा आ-क्वान प्लेयर. ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो जिंकतो, दहाच्या पुढे गेली तर फक्त एकम धरायचा. माझे दोन पत्त्यांत झाले तीन. त्यानं तिसरा पत्ता घेतला, आठ आला, त्याचेही तीनच झाले. मग मी माझा तिसरा घेतला. सहा. एकूण नऊ. मी जिंकलो म्हणून हात पुढे केला, तर शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई कलिंगडाच्या बिया सोलता सोलता, मान वर न करता म्हणाल्या, "जावईबापू, समोर आठ आला की तीनवर घेत नाहीत. बरोबरी झाली ती."

सगळे हसले. आ-क्वान तर उभा राहून हसला. "दाजी, उभा जन्म मासे मोजलेत, नऊ पत्ते मोजता येईनात?"

मी मासे मोजत नव्हतो. मी बाजारांचा आरोग्य निरीक्षक होतो. माझ्या एका शिट्टीवर अख्खी मासळीगल्ली ओटे धुवायला लागायची. आणि हे बोलणारा माणूस ताइपा बेटावर पाव कापून त्यात डुकराचा तुकडा घालून विकतो. त्याच्या दुकानातली कापायची फळी मी पाहिली आहे. जास्त लिहीत नाही, जेवायचं आहे.

६ नोव्हेंबर, मंगळवार
अडचण: आयुष्यात कॅसिनोची पायरी चढलेलो नाही. सरकारी नोकराला मनाईच असते. नववर्षाचे पहिले तीन दिवस सूट, तेव्हा बाकीचे कारकून शेपट्या वर करून धावायचे. मी गेलो नाही. या गावात राहून असं म्हणू शकणारा दुसरा माणूस दाखवा.

पण घरात तज्ज्ञ आहे. मुलगी होई-लाम हॉटेलात काम करते. म्हणजे हॉटेलच्या तळमजल्यावर. म्हणजे पत्ते वाटते. शेजारी विचारतात तेव्हा मी 'हॉटेलात' एवढंच सांगतो. खोटं नाही ते.

ती पाळी संपवून आली तेव्हा तिला सांगितलं, मला शिकव. शेवया खाता खाता म्हणाली, "बाबा, यात शिकण्यासारखं काही नाही. बँकरवर लावा नाहीतर प्लेयरवर. पुढे पत्ता घ्यायचा की नाही ते नियम ठरवतात. तुम्ही करण्यासारखं काही उरत नाही."

मी म्हटलं, काहीच नसेल तर माणसं वाकून वाकून काय बघतात?

"तेच मी आठ वर्षं बघतेय," म्हणाली आणि झोपायला गेली. हल्लीच्या पोरांना कामाच्या मुळाशी जायला नको. ठरलं, स्वतःच शिकणार.

१२ नोव्हेंबर, सोमवार
तिसऱ्या पत्त्याचे नियम पाठ करतोय. प्लेयरचं सोपं आहे: पाचपर्यंत घ्या, सहा-सातला थांबा. बँकरचं मात्र दुष्ट डोक्याच्या माणसानं रचलंय. चारवर घ्यायचं, पण समोर दोन ते सात आला असेल तर. पाचवर घ्यायचं, पण चार ते सात आला तर. आमच्या खात्याचं परिपत्रक असंच असायचं, आणि ते पाठ असणारा खात्यात मी एकटा.

बायको सुत-फान भाजी निवडत होती. तिला म्हटलं, मी पुढेमागे प्लेयरवर लावीन म्हणतो. आपल्याकडे प्लेयरला 'हान' म्हणतात, म्हणजे रिकामा, निवांत. ही म्हणाली, "बरोबर आहे. रिकाम्या माणसानं दुसरं काय लावायचं."

बँकरवरच लावणार.

२१ नोव्हेंबर, बुधवार
पाहणी. फक्त पाहणी, पैसे लावले नाहीत.

होई-लामच्या कॅसिनोत गेलो नाही, उगाच गवगवा नको. समुद्रात भर टाकून केलेल्या नव्या जमिनीवर आणखी एक आहे, तिथं गेलो. घरी सांगितलं, डोंगरावर फिरायला जातो.

शेरा: किळसवाणं. छतावर रंगवलेलं आभाळ. खाली गालिचा, त्यावर किती जणांनी काय काय सांडलं असेल ते त्याच्या रंगांवरून कळू नये म्हणूनच ते रंग निवडलेत. हवेत फुलांचा वास सोडतात. मी इतकी वर्षं बाजार हुंगलेत. वास सोडला जातो तेव्हा खाली दुसरा वास असतो.

आणि माणसं. ज्याचे पैसे जास्त, त्याला पत्ता उघडायचा मान. मग तो पत्ता पालथा धरून, दोन्ही अंगठ्यांनी कडेनं हळूहळू वाकवतो, जणू आजारी माणसाची पापणी उचलतोय. कडेला ठिपके दिसले की म्हणे 'पाय' दिसले. पाय किती त्यावरून पत्ता ओळखायचा. नको असलेला ठिपका उडून जावा म्हणून आजूबाजूचे सगळे ओरडतात, "फुंक, फुंक." आणि तो फुंकतो. पत्त्यावर. थुंकीसकट. एका बाईनं तर पत्ता टेबलावर टाकण्याआधी त्याच्याशी दोन शब्द बोलून घेतले.

छापलेला पत्ता बदलत नाही. हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं. एक समाधान: चुरगळलेले पत्ते पुन्हा वापरत नाहीत, फेकून देतात. निदान तेवढी स्वच्छता.

फुकटचा दुधाचा चहा मिळाला. वर साय. प्यालो नाही. म्हणजे अर्धाच प्यालो.

२९ नोव्हेंबर, गुरुवार
पुन्हा पाहणी. प्रत्येक टेबलापाशी एक पडदा असतो. आधीचे निकाल लाल-निळ्या गोलांत, त्याला रस्ता म्हणतात. मोठा रस्ता, छोटा रस्ता, आणि सगळ्यांत खाली तिरक्या रेघांचा झुरळांचा रस्ता. खरोखर हेच नाव आहे. झुरळांपायी मी मोठमोठी उपाहारगृहं बंद केली, आणि इथं चांगल्या कपड्यातली माणसं झुरळांच्या रस्त्याकडे टक लावून बसतात, छोट्या पेन्सिलीनं उतरवून घेतात, आणि तीच पेन्सिल कानात घालतात.

मागचा निकाल पुढच्याला बांधलेला नसतो. हे गणित आहे. त्या पडद्याकडे मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो.

घरी आल्यावर बायको माझे बूट बघून म्हणाली, "डोंगरावर जाऊन बुटांना धूळ कशी नाही?"

"डोंगर स्वच्छ आहे," मी म्हटलं. "आमच्याच खात्यानं ठेवलाय."

३ डिसेंबर, सोमवार
लांबून बघून पोहता येत नाही. आज बसलो. सगळ्यांत कमी पैशांच्या टेबलावर, कोपऱ्यात, रुमालानं खुर्ची पुसून.

बँकरवर लावले. जिंकलो. परत बँकर. परत जिंकलो. यात नवल नाही, अभ्यास आहे. नंतर हरलो, पण तेव्हा शेजारचा माणूस सुक्या माशाचा तुकडा चघळत होता आणि माझं लक्ष विचलित झालं.

बँकरवर जिंकलं की विसावा हिस्सा कॅसिनो कापून घेतं. शंभरातले पाच, तुमच्याच विजयातून, आणि वाटणारी मुलगी गोड हसून घेते. बाजारात असल्या हप्त्याला आम्ही दुसरं नाव द्यायचो.

शिक्षणाचा खर्च इथं लिहीत नाही. अभ्यासकानं हिशेबात गुंतू नये.

१० डिसेंबर, सोमवार
शोध लागला. आश्चर्य आहे की आधी कुणाला लागला नाही.

सगळे पत्त्यांकडे बघतात, पडद्याकडे बघतात. वाटणाऱ्या हाताकडे कुणी बघत नाही. मी कोळ्याच्या मनगटावरून सांगायचो की मासा आजचा आहे की कालचा. पत्ते वाटणाऱ्या मुलीचं मनगट सैल असेल तर बँकर, ताठ असेल तर प्लेयर. आज बऱ्याचदा बरोबर आलं. जेव्हा आलं नाही तेव्हा मी मनगट नीट पाहिलं नव्हतं.

यात अंधश्रद्धा नाही. हे निरीक्षण आहे.

होई-लाम जेवायला बसली तेव्हा तिच्या मनगटाकडे बघत होतो. डाव्यावर पट्टा बांधलाय. सुजलंय म्हणाली, सगळ्यांचंच सुजतं. मी विचारलं, सुजलं की सैल राहतं की ताठ? तिनं घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "दुखतं, बाबा."

तिला प्रश्न कळला नाही.

२२ डिसेंबर, शनिवार
हिवाळी सणाचं जेवण. सासूबाई, आ-क्वान, सगळे आमच्याकडे. आ-क्वाननं आल्या आल्या विचारलं, "काय दाजी, तीनवर घेता का अजून?" मी नुसता हसलो. वाघ दबा धरतो तेव्हा डरकाळी फोडत नाही.

जेवताना होई-लाम काहीतरी सांगत होती. नव्या वर्षाची गर्दी, बदली, कंपनीची दोन्ही ठिकाणं, असं काहीसं. मी त्या वेळी मनात बँकरच्या सहाचा नियम घोकत होतो. समोर सहा किंवा सात आला तरच घ्यायचं. बायकोनं मला कोपर मारलं आणि म्हणाली, "ऐकताय ना?" मी म्हटलं, "सहा किंवा सात." मग सासूबाई म्हणाल्या, "सूप वाढ गं त्याला."

२ जानेवारी, बुधवार
नव्या नियमानं टेबलापाशी धूम्रपान बंद. आता धुराशिवायचे वास स्वतंत्रपणे ओळखू येतात. हे बरं झालं असं म्हणवत नाही.

मनगटाच्या पद्धतीत थोडी सुधारणा करतोय. ती मोठ्या रस्त्याशी ताडून बघितली पाहिजे. म्हणून पडद्याकडे बघतो. फक्त मोठ्या रस्त्याकडे.

५ जानेवारी, शनिवार
छोट्या रस्त्याकडेही.

९ जानेवारी, बुधवार
चीड आली. टेबलावर आलेली मुलगी सलग प्लेयरच काढत होती. चेहरा दगडासारखा, बोटं बर्फासारखी. मनगट तर वाचताच येईना. सगळे कुरकुरत होते. शेवटी मीच पर्यवेक्षकाला हाक मारली आणि सांगितलं, "हिला बदला. हिचे हात गार आहेत." टेबलावरच्या लोकांनी माना हलवल्या, एकानं माझ्यापुढे शेंगदाणे सरकवले.

मुलीला बदललं नाही. पण तिनं मान खाली घालून "सॉरी सर" म्हटलं. शिस्त म्हणजे शिस्त. एक शब्द बोललो की पूर्वी मासळीगल्ली सरळ व्हायची, ते आठवलं.

शेंगदाणे खाल्ले नाहीत. त्याची नखं पाहिली होती.

१५ जानेवारी, मंगळवार
आज बँकरवर सगळ्यांत जास्त पैसे माझे होते, म्हणून पत्ते माझ्याकडे आले. पहिल्यांदा. मी सरळ उलटून टाकणार होतो. पण टेबलावर सात-आठ माणसं माझ्या हाताकडे बघत होती. इतकी माणसं माझ्या हाताकडे शेवटची कधी बघत होती ते आठवेना. निरोपसमारंभालाही केक कापताना सगळे फोनकडे बघत होते.

तेव्हा शास्त्रीय दृष्ट्या बघावं म्हणून पत्ता कडेनं उचलला. ठिपका दिसला. मागून कुणीतरी म्हणालं, "फुंका काका."

फुंकर हलकी मारली. थुंकी उडाली नाही. माझ्यात आणि इतरांत हाच फरक.

नऊ आले. लोकांनी पाठ थोपटली. घरी येऊन सदरा लगेच धुवायला टाकला. बायकोनं तो हुंगला. म्हणाली, "डोंगराला हल्ली अत्तर लावतात वाटतं."

१९ जानेवारी, शनिवार
झुरळांचा रस्ता समजला. तो समजायला वरचे सगळे यावे लागतात, म्हणून सामान्य माणसाला त्याची किळस वाटते. रेघा एका दिशेनं धावल्या की शांतपणे त्यांच्या मागे जायचं. नववर्षाला आ-क्वानच्या तोंडचं पाणी पळणार.

२४ जानेवारी, गुरुवार
घडलं ते नीट लिहितो, कारण घरी मला बोलू दिलं नाही.

दुपारची वेळ. बँकर सलग आला होता. पडद्यावर लाल गोलांची रांग खालपर्यंत जाऊन वळली होती, 'ड्रॅगन' म्हणतात त्याला. टेबलाभोवती उभं राहायला जागा नव्हती. पत्ते उघडायचा मान माझा. माझ्या शेजारी एक जाड मनुष्य, चामड्याचं जाकीट, पलीकडच्या मोठ्या शहरातला कारखानदार म्हणे. मला 'गुरुजी' म्हणायला लागला होता. मी मोठी रक्कम बँकरवर ठेवली होती. मोठी म्हणजे माझ्या मानानं.

डीलर बदलायची वेळ झाली. जुनी गेली, नवी आली. मी मनगट बघायला मान खाली घातली. डाव्या मनगटावर पट्टा.

वर बघितलं तर होई-लाम.

तिनं पत्ता काढला नाही. हात पत्त्यांच्या पेटीवर तसाच ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही, पर्यवेक्षकाला हात करून बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "मला या टेबलावर वाटता येणार नाही. ते माझे वडील आहेत."

आता कोणत्याही विचारी माणसानं ही परिस्थिती माझ्या जागी बसून बघावी. खेळ थांबला. ड्रॅगन थांबला. जाकीटवाला म्हणाला, "काय कटकट आहे ही?" पर्यवेक्षकानं मला अदबीनं विचारलं, "सर, या आपल्या कन्या का?"

मी तिच्या हिताचा विचार केला. बाप जुगार खेळतो असं तिच्या कामाच्या जागी कळलं तर तिची काय पत राहील? हाच विचार होता. दुसरा कुठलाही नव्हता. मी म्हणालो, "नाही. ओळख नाही."

पर्यवेक्षक तिला म्हणाला, मग पत्ते वाट.

ती म्हणाली, "नाही सर. ते माझे वडील आहेत. सिओ पाक-केओंग. नियम आहे, मी वाटणार नाही."

मी म्हणालो, "एका चेहऱ्यात दुसरा चेहरा दिसतो माणसाला."

तेव्हा जाकीटवाल्यानं टेबलावर थाप मारली आणि तिला बोलायला लागला. काय बोलला ते लिहीत नाही. अपशकुनी वगैरे सौम्य होतं, पुढचं बाजारातल्या खाटकानंही बायकांसमोर बोललं नसतं. मागचे हसले. ती उभी होती, चेहरा दगडासारखा. मी मध्ये बोलणार होतो. पण ओळख नाही म्हटल्यावर मध्ये कुठल्या नात्यानं बोलायचं? तर्काला धरून राहायला हवं.

शेवटी पर्यवेक्षकानं तिला जायला सांगितलं. जाताना डीलरला दोन्ही हात पुढे करून, तळवे वर-खाली फिरवून कॅमेऱ्याला दाखवावे लागतात, हातात काही नाही म्हणून. तिनं ते केलं. सावकाश, नीट. आणि गेली.

जाकीटवाला माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासारख्या सज्जनाला असल्या पोरी गळ्यात पडतात." मी मान हलवली. होकारार्थी नव्हती ती. नुसती हलवली.

दुसरा डीलर आला. मी पत्ते उघडले. फुंकलो. प्लेयर आला.

ड्रॅगन मध्ये थांबवला की तुटतो. हे आता सांगून उपयोग नाही.

२५ जानेवारी, शुक्रवार
घरी शांतता. होई-लाम सामान घेऊन एका मैत्रिणीकडे राहायला गेली. नव्या जागेपासून जवळ पडतं म्हणे. म्हणजे कारण सोयीचं आहे.

बायकोला मी सगळी बाजू समजावून सांगितली. ती इस्त्री करत होती. म्हणाली, "सणाच्या जेवणाला तिनं सांगितलं होतं, नववर्षाच्या गर्दीपायी तिकडे पाठवणार आहेत म्हणून. तुम्ही म्हणालात, सहा किंवा सात."

मी विचारलं, होई-लाम काय म्हणाली माझ्याबद्दल?

"काही नाही. तिनं विचारलं, बाबा रोज असेच बोलतात का वाटणाऱ्या मुलींशी."

"मी काही बोललोच नाही तिथं," मी म्हटलं.

ही इस्त्री उभी करून म्हणाली, "हात गार आहेत असं तुम्ही कुणाला म्हणालात? त्या मुलीनं तुमच्या वर्णनासकट सांगितलं. ती होई-लामची कामावरची मैत्रीण. तिच्याचकडे राहायला गेलीय ही."

या गावाची मोठी खोड म्हणजे गाव फारच लहान आहे.

२८ जानेवारी, सोमवार
दोन दिवस दाढी केली नाही. कॅसिनोत गेलो नाही. अभ्यास पुरा झालाय, जाण्याचं कारण नाही. सदऱ्याला अजून तो फुलांचा वास येतो. तिसऱ्यांदा धुतला.

सकाळी आरशासमोर तो जाकीटवाला काय म्हणाला ते मोठ्यानं म्हणून बघितलं, वाटलं तितकं वाईट आहे का. अर्ध्यात थांबलो. बायको स्वयंपाकघरात होती.

४ फेब्रुवारी, सोमवार
नववर्षाची पूर्वसंध्या. टेबल पुसलं, तीनदा. मुळ्याच्या वड्या, बिया, संत्री, सगळं मांडलं. आ-क्वान आला, सासूबाई आल्या. होई-लाम पाळीवर. या दिवसांत डीलरांना रजा मिळत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. दरवर्षी ती पाळीच्या आधी येऊन एक डाव वाटून जायची, हे मात्र आज लक्षात आलं.

जेवण झाल्यावर मी पत्ते काढले. बँकर मी. हात स्थिर होता. पहिल्याच डावात बँकरचे पाच, समोर प्लेयरचा तिसरा पत्ता तीन. मी घेतला नाही. घ्यायचा नसतो. आ-क्वान म्हणाला, "अरे वा, दाजी शिकले." सासूबाईंनी बी तोंडात टाकली आणि मान डोलावली. या क्षणासाठी तीन महिने घालवले होते.

दुसरा डाव वाटायला घेतला तर आ-क्वान म्हणाला, "दाजी, आज काही मजा नाही. पोरगी वाटायची तेव्हा कशी जीभ काढून, आज्जीला डोळा मारून वाटायची. तुम्ही तर दंड ठोठावल्यासारखे पत्ते वाटता." मग फोनवर काहीतरी बघत बसला. माझा खेळ बघायला त्याला वेळच नव्हता.

सासूबाईंनी बाजूला सरकून मला जवळ बोलावलं. वाटलं, नियमांबद्दल काही विचारतील. हळूच म्हणाल्या, "जावईबापू, मी कानानं बहिरी, पण घरातलं दिसतं मला. पोरीला आणा."

मी म्हणालो, तिची पाळी आहे.

"ते मला कळतं," म्हणाल्या, आणि बियांची ताटली माझ्याकडे सरकवली.

पत्ते भरून ठेवले.

७ फेब्रुवारी, गुरुवार
आज नववर्षाचा तिसरा दिवस. भांडणांचा दिवस म्हणतात, कुणाकडे जाऊ नये. म्हणून गेलो नाही. उद्या जाणार. तिची पाळी सकाळी संपते एवढं बायकोकडून काढून घेतलं. आधी ही सांगायला तयार नव्हती, मग न मागता डुकराच्या हाडांचं, खजूर घातलेलं सूप चढवलं. म्हणजे कळलं असावं.

काय बोलायचं ते ठरवतोय. पहिलं वाक्य: त्या दिवशीची परिस्थिती गुंतागुंतीची होती. खोडलं. दुसरं: त्या मैत्रिणीला सांग, तिचे हात तेवढे काही गार नव्हते. खोडलं.

ठराव: काही न बोलता सूप द्यायचं. आणि 'चल घरी' म्हणायचं. एवढं जमेल.

८ फेब्रुवारी, शुक्रवार
सकाळी थर्मास घेऊन कॅसिनोच्या मागच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. कर्मचाऱ्यांचं दार. पुढच्या दाराला सोनेरी सिंह आहेत, मागच्याला कचऱ्याच्या पेट्या. झाकणं उघडी, खाली पाणी. कुणाचं लक्ष नाही. मला चीड येईल असं वाटलं होतं, आली नाही.

आणखी काही जण वाट बघत होते. एक नवरा स्कूटरवर, एक म्हातारी छत्री घेऊन. रखवालदारानं विचारलं, "कोणाला न्यायला आलात, आजोबा?"

"मुलीला," मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. छत्रीवालीनं वळून बघितलं.

"कुठल्या टेबलावर असते?"

मला सांगता आलं नाही. तो म्हणाला, थांबा मग, येतील सगळ्या.

आल्या. एकदम शेकडो. सगळ्यांचे केस मागे बांधलेले, सगळ्यांचे कोट सारखे, सगळ्यांचे चेहरे झोपेनं सारखे. मी मनगटं बघत गेलो. पट्टे फार जणींना होते. बसा आल्या, भरल्या, गेल्या. स्कूटरवाला गेला. छत्रीवाली तिची मुलगी घेऊन गेली. दार बंद झालं. रखवालदार म्हणाला, "चुकामूक झाली असेल, फोन करा." मी फोन केला नाही. फोनवर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं ना.

चालत घरी आलो. दारात होई-लामचे बूट.

बायकोनं तोंडावर बोट ठेवलं. झोपलीय म्हणाली. आज्जीनं बोलावलं म्हणून आली, जेवून जाईल. मी सांगितलं, मी तिलाच आणायला गेलो होतो, दिसलीच नाही.

ही म्हणाली, "तिनं बघितलं तुम्हाला. तुमच्या शेजारूनच गेली."

"मग हाक का नाही मारली?"

बायकोनं थर्मास माझ्या हातातून घेतला. मग म्हणाली, "तिला वाटलं, सोबतच्या मुली होत्या, तुम्हाला ओळख दाखवायची नसेल."

होई-लामची खोली बंद आहे. तिच्या दाराबाहेर बसून लिहितोय. अजून उठलेली नाही.